मराठवाड्यातल्या खेड्यांतली जुनी चर्च : कमान, कैची, चुना, घंटा

चिरेबंदी

लेणी, किल्ले, हेमाडपंती देवळं, दर्गे यांवर इथे चिक्कार धागे आहेत. खेड्यातल्या जुन्या चर्चवर एकही नाही. आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या जुन्या चर्चला 'नूतनीकरण' म्हणून सिमेंटचा गिलावा चढतो, खाली चकचकीत टाइल्स बसतात. म्हणून हा धागा काढतोय. विनंती एकच: नुसते फोटो नकोत. कोणता भाग कशासाठी आहे, तो कशानं बिघडतो आणि कसा दुरुस्त करायचा, ते लिहा.

मी आराखड्यापासून सुरुवात करतो. आपल्याकडच्या जुन्या चर्चची मुळं ढोबळमानानं दोन. एक छावणीचं. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेच्या पलटणी असत. छावणीतली चर्च लष्करी इंजिनियरांच्या नकाशावरून झाली, त्यामुळे ती मोजून-मापून, एकसारखी दिसतात. दुसरं मूळ मिशनचं. रेव्ह. नारायण शेषाद्री (मृत्यू १८९१) यांनी जालन्याजवळ हैदराबादचे दिवाण पहिले सालार जंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गावच वसवलं. अशा गावांतलं काम गावच्या गवंड्या-पाथरवटांच्या हातचं. खरी गंमत तिथेच आहे: आकार बाहेरून आलेला, पण दगड, चुना, लाकूड आणि हात इथलेच.

आत शिरलात की आधी समोर बघा. स्कॉटिश मिशनच्या देवळात वेदी नसते. प्रवचनाचं व्यासपीठ उंच आणि मध्यावर, त्याच्या पायाशी प्रभुभोजनाचं साधं मेज. अँग्लिकन पद्धतीत टोकाला पूर्वेच्या भिंतीशी वेदी, तिच्यापुढे गुडघे टेकायला लाकडी कठडा, आणि व्यासपीठ बाजूला. कॅथलिक चर्चमध्ये वेदी भिंतीला चिकटून उंच पायऱ्यांवर असायची. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, करू लागले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुनी वेदी काढली किंवा नवी पुढे आणली. मागच्या भिंतीवर गिलाव्याचा रंग बदललेला चौकोन किंवा जमिनीत कापलेल्या पायरीची रेघ दिसली, तर जुनी वेदी तिथे होती असं धरून चाला. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बहुधा दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. ते अष्टकोनी असेल तर आठ बाजू मुद्दाम आहेत: आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा. हे कुंड 'अडचण होते' म्हणून बाहेर कुंडीसारखं ठेवू नका. तळाला पाणी जाण्याचं भोक असतं. ते बुजलं की पाणी साचून दगडावर क्षारांचा थर धरतो.

भोकरदनकर

छपरावर लिहितो.

आपल्याकडचं मूळ छप्पर माळवद. तुळया, त्यावर किलचन म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, वर चिकणमाती आणि शेवटी पांढरी माती. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. घर इतक्या खणांचं, तितक्या खणांचं असं आपण म्हणतो ते यावरूनच. पण माळवदाला मध्ये खांब लागतात आणि उपासनेच्या दालनात मधे खांब नको असतो. म्हणून चर्चबरोबर गावात नवी गोष्ट आली ती सागवानी कैची. १६ ते २६ फुटांच्या गाळ्याला बहुधा किंगपोस्ट कैची असते: खाली आडवी तुळई, दोन उतरते वासे, मधोमध उभा दांडा.

हा मधला दांडा खांब नाही, हे ध्यानात ठेवा. तो वरून लटकतो आणि खालच्या आडव्या तुळईला मध्यात झोल पडू देत नाही. त्याच्याखाली लोखंडी पट्टा आणि पाचर असते. आडवी तुळई वाशांची खालची टोकं बांधून धरते, म्हणजे वासे भिंतींना बाहेर ढकलत नाहीत. फॉल्स सीलिंगसाठी किंवा स्पीकरच्या पेटीसाठी ही तुळई तासली की भिंती वरच्या बाजूला फाकायला लागतात. पहिलं लक्षण म्हणजे भिंत आणि तुळईच्या टोकामधली फट.

तुळईची टोकं भिंतीत गेलेली असतात आणि लाकूड सडतं ते तिथेच. सागाच्या नाराला, म्हणजे आतल्या गडद लाकडाला, वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र ती खाते. दाभण घ्या, टोकापाशी टोचा. अर्धा इंच सहज आत गेलं तर ते टोक गेलं. नवं टोक सांधायचं असेल तर जुनं चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे कापा, तिरका सांधा करा, बोल्ट मारा. भिंतीत बसवताना लाकडाच्या बाजूंनी आणि टोकाशी इंचभर मोकळी जागा सोडा. चारी बाजूंनी सिमेंट भरलं की लाकडाचा श्वास कोंडतो आणि पाच-सात पावसाळ्यांत पुन्हा तेच.

कौलांबद्दल. मंगळुरी कौलं बेसल मिशननं मंगळुरात १८६५ ला सुरू केली. मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास झाली. त्याआधी एवढा जड माल बैलगाडीनं आणायचा म्हणजे खर्च फार, त्यामुळे रेल्वेपासून लांबच्या चर्चवर आधी नळे (अर्धगोल देशी कौलं) किंवा गवत आणि नंतर मंगळुरी, असा क्रम बऱ्याचदा असतो. कैचीवर जुन्या रिपांच्या, म्हणजे कौलं टेकायच्या लाकडी पट्ट्यांच्या, खिळ्यांची भोकं जवळजवळ दिसली, तर आधी नळे होते असं समजा. मंगळुरीसाठी रिपा साधारण साडेबारा इंचांवर लागतात आणि चौरस मीटरला १५ च्या आसपास कौलं.

एक चूक फार होते. कौलाच्या पाठीवर '१८६५' छापलेलं दिसलं की लोक चर्च १८६५ चं ठरवतात, फलकसुद्धा लावतात. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे. कौल चाळीस-पन्नास वर्षांनंतरचंही असू शकतं.

ओळंबा

वा, चांगला धागा. कमानींवर सविस्तर लिहितो, कारण चर्चच्या खिडकीला सरसकट 'गॉथिक' म्हणून मोकळं होतात.

खिडकी ३ फूट रुंद आहे असं धरा. कमान जिथून सुरू होते त्या रेषेवर दोन्ही टोकांना एकेक खिळा ठोका. दोरी बरोबर ३ फुटांची. डाव्या खिळ्यावरून उजवीकडचा कंस मारा, उजव्यावरून डावीकडचा. दोन्ही जिथे भेटतात ते टोक सुरुवातीच्या रेषेपासून २ फूट ७ इंच वर येतं. ही समभुज टोकदार कमान. दोरी रुंदीपेक्षा लांब घेऊन खिळे रेषेवरच बाहेर सरकवले की कमान उंच, भाल्यासारखी निमुळती होते. दोरी आखूड घेऊन खिळे आत आणले की बसकी होते. खेड्यातल्या चर्चला समभुज जास्त, कारण एक दोरी आणि दोन खिळे एवढ्यावर काम भागतं, वेगळा नकाशा लागत नाही.

आता आपल्याकडचं वैशिष्ट्य. टोकदार कमान मराठवाड्याच्या गवंड्याला नवीन नव्हती. औरंगाबादचे दरवाजे, दौलताबाद, गावोगावच्या मशिदी-दर्गे यांत ती शतकानुशतकं आहे. पण ती बऱ्याचदा चार केंद्रांची: खाली लहान कंस, वर जवळजवळ सरळ जाणारी बाजू. म्हणून चर्चची खिडकी तपासायची असेल तर कमानीच्या पायथ्याच्या एका बिंदूवर दोरी धरा आणि समोरच्या कडेवरून फिरवा. दोरी पूर्ण कडेला चिकटून गेली तर ती दोन केंद्रांची समभुज. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात दगड दोरीच्या आत राहिला, म्हणजे कडा सपाट झाली, तर तिथे दख्खनी हात आहे. ही चूक समजून गिलाव्यानं 'दुरुस्त' करू नका. त्या इमारतीचं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

टोकापाशी अजून एक गोष्ट बघा. टोकदार कमानीच्या शिखरावर उभा सांधा असला तरी चालतं, दोन दगड एकमेकांना टेकून राहतात. काही ठिकाणी मात्र मधोमध एकच कळीचा दगड इंग्रजी व्ही अक्षरासारखा घडवलेला दिसतो. तो घडवायला वेळ लागतो आणि बसवताना पाव इंच चुकला तर खाली उतरतो. कळीचा दगड बाकीच्या कडेपेक्षा खाली आलेला दिसला तर लगेच घाबरू नका. आधी दोन्ही बाजूंच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, बघा. जुना चुना जागच्या जागी असेल तर तो पहिल्या दिवसापासूनच तसा आहे. दर्ज ताजी फाटलेली, आतून मळ नसलेली पांढरी दिसली तर भिंत फाकतेय.

काय बिघडवतं? दोन गोष्टी. पहिली, कमानीखाली 'आधार' म्हणून घातलेला सिमेंटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई. कमान दाबात काम करते, दगड दगडाला रेटून उभा असतो. खाली लिंटेल घालताना चार दगड सैल होतात आणि तो रेटाच तुटतो. दुसरी, लोखंडी जाळी दगडात भोक पाडून सिमेंटनं बसवणं. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाची जागा मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, आणि काळा पाषाणसुद्धा कोपऱ्यातून टवका उडवतो. जाळी हवीच असेल तर लाकडी चौकटीला स्क्रूनं लावा.

रंगरेषा

ओळंबा, +१. खिडकीच्या काचांचं मी सांगते.

शिशाच्या पट्टीत जडवलेली चित्रकाच खेड्यात क्वचित. आपल्याकडे बहुतेक सागवानी चौकटीत लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या साध्या रंगीत काचा. त्या साध्या म्हणून टाकून देऊ नका. जुन्या काचेत बारीक बुडबुडे आणि लाटा असतात, उन्हात तिचा उजेड जमिनीवर हलल्यासारखा पडतो. आजची यंत्रावरची काच तसा उजेड देत नाही. जुनी काच सुमारे २ मिलिमीटर जाड असते आणि लाकडातली खाच तेवढीच. तिथे ४ मिलिमीटरची काच बसवायला सुतार खाच खोल करतो आणि चौकटीची पट्टी कमकुवत होते. पातळ काच मागा.

काच खाचेपेक्षा लांबी-रुंदीत ३ मिलिमीटर लहान कापा. पावसाळ्यात साग फुगतो. घट्ट काच कोपऱ्यातून तडकते.

लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, घरीच करा. खडूची बारीक भुकटी १ किलो, कच्चं जवसाचं तेल साधारण २०० मिली, तेही थोडं थोडं घालत. कणकेसारखं मळा, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत. जवस आपल्याच मातीतलं आहे, शोधावं लागत नाही. खाचेला आधी जवसाच्या तेलाचा एक हात मारा आणि एक दिवस थांबा. हे वगळलं तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि वर्षात लांबी भुगा होऊन गळते. वर साय धरायला दोन-तीन आठवडे जातात. रंग त्यानंतरच, आणि रंगाची कड काचेवर किंचित चढू द्या म्हणजे फटीत पाणी जाणार नाही. सिलिकॉन वापरू नका, पुढच्या वेळी काच काढताना हमखास फुटते.

मंडळीचा_सेवक

नमस्कार. एक अडचण मांडतो, जाणकारांनी सांगावं. नांदेड जिल्ह्यातलं चर्च, काळ्या दगडाच्या दोन फूट जाड भिंती. आतून खाली तीन फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे क्षार, लागला होता. दोन वर्षांपूर्वी तेवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा वॉटरप्रूफ गिलावा केला, वर ऑइलपेंट. आता लोणा साडेचार फुटांवर गेलाय आणि वरचा जुना गिलावा पापुद्र्यांनी सुटतोय. कंत्राटदार म्हणतो अजून दोन फूट सिमेंट वर न्या. न्यावं का?

घाणीचा_चुना

सेवकदादा, अजिबात नेऊ नका. काम थांबवा.

झालंय काय ते आधी. काळा पाषाण स्वतः पाणी फारसं पीत नाही. ओल चढते ती दर्जांमधून आणि भिंतीच्या पोटातल्या चुना-मातीच्या भरावातून. पूर्वी ती तीन फुटांवर बाहेर पडून वाळत होती. तुम्ही वाळायची जागाच झाकली. मग ओल सिमेंटच्या मागून वर चढली आणि जिथे पहिला मोकळा गिलावा मिळाला तिथे बाहेर आली. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे गिलाव्याच्या आत वाढतात आणि गिलावा सुटतो. अजून दोन फूट सिमेंट नेलं तर तो साडेसहा फुटांवर जाईल.

आता क्रम. आधी बाहेरची जमीन बघा. रस्ता दर वेळी वर येतो, अंगणात मुरूम पडतो, आणि जोत्याचा वरचा थर जमिनीखाली जातो. जोतं मुळात किती वर होतं ते दाराच्या पायऱ्या मोजून कळतं: एखादी पायरी पुरली गेली असेल तर तेवढी माती काढा. जोत्याला टेकून लादी किंवा काँक्रीट असेल तर ते तोडा. छपराचं पाणी भिंतीपासून किमान चार फुटांवर पडलं पाहिजे.

मग आतलं सिमेंट उतरवा, लोण्याच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत. छिन्नी-हातोडीनं, तिरकी छिन्नी धरून. ब्रेकर लावू नका, त्याच्या हादऱ्यानं भिंतीच्या पोटातला भराव खाली बसतो. उघडी भिंत एक पूर्ण उन्हाळा तशीच ठेवा. खिडक्या उघड्या. पांढरे क्षार वर येतील, ते कोरड्या कुंचल्यानं झाडून सुपात गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुवाल तर ते परत आत जातील. क्षार फार असतील तर कागदाचा लगदा आणि चिकणमाती ओली करून अर्धा इंच लेप द्या, पूर्ण वाळला की काढा, पुन्हा द्या. तीन वेळा केलं तर फरक दिसतो.

यानंतर चुना. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी येते, डोळ्यांना चष्मा लावा, लहान मुलांना दूर ठेवा. विरल्यावर चाळून खड्ड्यात पाण्याखाली ठेवा. तीन आठवडे हे कमीत कमी, तीन महिने उत्तम. न विरलेला कण राहिला तर गिलाव्यात नंतर फुगून तिथे खळी पडते. दर्जा भरायला मापानं १ भाग चुना, १ भाग सुर्खी, २ भाग धुतलेली वाळू. सुर्खी म्हणजे विटांची भुकटी, पण कमी भाजलेल्या विटांची. काळपट जळक्या विटेची सुर्खी चुन्याशी धरत नाही. हे सगळं घाणीत, म्हणजे चाक फिरवून चुना मळायच्या चरात, मळायचं. बैलाची घाणी आता दुर्मीळ, पण दगडी किंवा लोखंडी चाकाचा पॅन मिल भाड्यानं मिळतो. काँक्रीट मिक्सर नुसतं ढवळतो, चुना दाबून मळला जात नाही आणि मग जास्त पाणी घालावं लागतं. जास्त पाणी म्हणजे वाळताना भेगा.

गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी याबद्दल लोक फार विचारतात. त्यांचा उपयोग आहे, पण चुना कच्चा आणि वाळू मातकट असेल तर गुळानं काही होत नाही. आधी चुना आणि वाळू नीट करा.

आपल्याकडे काळ्या रानात, ओढ्याकाठी कंकर सापडतात. त्या चुनखडीच्या गोट्यांत चिकणमातीचा अंश असतो, त्यामुळे त्यांचा चुना पाण्यातही थोडा घट्ट होतो. आयएस ७१२ या चुन्याच्या भारतीय मानकात कंकर चुन्याचा ई असा वेगळा वर्गच आहे. जुन्या भिंतीच्या दर्जेत राखाडी, बारीक पांढरे ठिपके असलेला चुना दिसला तर बहुधा तोच. त्याला सुर्खी कमी लागते.

दर्ज खरवडताना रुंदीच्या दुप्पट खोल जा, किमान एक इंच. ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा कापल्या जातात आणि ती रेघ कायमची. आदल्या दिवशी भिंत भिजवा, दोन-तीन थरांत भरा, वर ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत. वैशाखात ४२ अंशांवर केलेला चुना दोन तासांत कोरडा पडतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड व्हायला त्याला ओल लागते, ती मिळत नाही. बोटानं चोळला की पीठ पडतं. मग नाव खराब होतं चुन्याचं.

शेवटी आतून गिलावा दोन थर आणि चुन्याची सफेदी. दुधाइतकी पातळ करा, कापडातून गाळा, एकेक दिवसाच्या अंतरानं तीन हात. पहिला हात मारल्यावर भिंत पांढरी दिसत नाही, वाळल्यावर उजळते. लोक तेवढ्यात घाबरून घट्ट करतात, आणि घट्ट सफेदी पोपडे धरते. ऑइलपेंट, ॲक्रेलिक काहीही नको.

मंडळीचा_सेवक

खूप आभार. दाराच्या दोन पायऱ्या जमिनीखाली आहेत, हे आजच मोजलं. एक विचारतो: चुन्यात थोडं, दहा टक्के सिमेंट घातलं तर काम लवकर होईल असं म्हणतात. चालेल?

घाणीचा_चुना

नाही. थोडं सिमेंट सगळ्यात वाईट. ते आधी घट्ट होतं, चुना मागे राहतो, आणि शेवटी ना सिमेंटची ताकद मिळते ना चुन्याची लवचीक पकड. शिवाय सिमेंटमधले क्षार भिंतीत जातात. वेळ कमी असेल तर यंदा एकच भिंत घ्या.

औसेकर

घाणीचा_चुना यांच्याशी दर्जा आणि गिलाव्याच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण भिंतीच्या पोटाबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात दगडी भिंतीबद्दल 'जाड म्हणजे मजबूत' हे म्हणणं टिकत नाही.

दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे एकसंध दगड नाही. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थर बांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा पोट काढतो आणि कोसळतो. किल्लारीला भिंती अशाच गेल्या. आयएस १३८२८ सांगतं की आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत हवेत. चर्चमध्ये हा धोका घरापेक्षा जास्त, कारण भिंत उंच, लांब आणि मधे आडव्या भिंती नाहीत. बाहेरून उतरते बट्रेस, म्हणजे भिंतीला टेकू देणारे दगडी खांब, असतील तर काही भार तेच पेलतात. म्हणून जागा अडते म्हणून बट्रेस तोडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा.

तपासणी: ओळंबा सोडा, दर दोन फुटांवर अंतर मोजून कागदावर लिहा. भिंत सरळ कललेली असेल तर पाया बघा. मध्येच पोट आलं असेल तर थर सुटलेत. लहान हातोडीनं ठोकलं की सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो.

उपाय: एखादा दगड हातानं, हलवत हलवत काढा, मागचा भराव काढून आरपार तीन इंची भोक करा, आतल्या बाजूला थोडं रुंद. ८ मिलिमीटरची सळई दोन्ही टोकांना वाकवून ठेवा आणि भरा. अशी बांधणी साधारण ३ फुटांवर, वरच्या ओळीत आडमोडी, म्हणजे खालच्या दोहोंच्या मधोमध. इथे मी काँक्रीट भरायला सांगेन. ते भिंतीच्या फार थोड्या भागात असतं आणि श्वास कोंडत नाही.

घाणीचा_चुना

औसेकर, सळई साधी नको, स्टेनलेस घ्या. बाकी मान्य. ओल असलेल्या भिंतीत साधी सळई गंजेल आणि ओळंबा यांनी जाळीबद्दल सांगितलं तेच आतून घडेल. पोकळीत चुना-सुर्खीचा पातळ घोळ भरायचा असेल तर खालून वर, दिवसाला तीन फुटांपेक्षा जास्त उंची नाही. ओल्या घोळाचं वजन सैल थराला बाहेर ढकलतं.

औसेकर

स्टेनलेस, बरोबर. दुरुस्ती मान्य.

काळी_कसदार

ओळंब्यात भिंत कललेली आली तर तिथून पुढे माझं ऐका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. चर्चच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कोनापासून तिरपी जाणारी भेग बहुधा तिचीच. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी खिळा बसवा आणि व्हर्नियरनं दर महिन्याला अंतर लिहा, वर्षभर. वैशाखात वाढतं आणि भाद्रपदात कमी होतं, असं असेल तर पाया खचत नाहीये, माती श्वास घेतेय. ती भेग कडक मसाल्यानं भरली तर पुढच्या पावसात शेजारी दुसरी पडते. सतत वाढतच असेल तर मात्र इंजिनियर बोलवा.

चारी बाजूंनी सहा फूट रुंद मुरूम ठोकून, त्यावर शहाबादी फरशी, भिंतीपासून बाहेर ४० ला १ उतार. फरशी आणि जोत्यामध्ये बोटभर फट ठेवून ती वाळूनं भरा. घाणीचा_चुना यांनी जोत्याला टेकलेली लादी तोडा म्हटलंय, ते याच फटीसाठी. मोठं झाड त्याच्या उंचीइतकं लांब हवं. पण भिंतीजवळचं जुनं झाड एका दिवसात तोडू नका. मुळं पाणी ओढायची थांबली की माती फुगते आणि पायाला वर उचलते. तीन-चार वर्षांत फांद्या कमी करत न्या.

नाद_घंटा

घंटेवर थोडक्यात. आधी चुंबक लावा. चिकटला तर घंटा पोलादाची. शेफिल्डच्या नेलर विकर्सनं एकोणिसाव्या शतकात ओतीव पोलादाच्या घंटा केल्या, अमेरिकी मिशनबरोबर ओहायोच्या सी. एस. बेल कंपनीच्या आल्या. नाव आणि साल बहुधा अंगावरच ओतलेलं असतं. कौलासारखं नाही, ओतण्याचं साल हे त्या घंटेचंच. पोलादाच्या घंटेला गंज हा शत्रू, तिला रंग देणं ठीक. चुंबक चिकटला नाही तर काशाची: तांबं ७७-७८ टक्के, बाकी कथील. तिला रंग देऊ नका, आवाज बसतो.

दोर टोल्याला, म्हणजे घंटेतल्या लोलकाला, बांधून ओढायची पद्धत बंद करा. टोला ओठावर दाबला राहतो, घंटेला मोकळं घुमता येत नाही आणि तडा जातो. दोर जूला, म्हणजे घंटा टांगलेल्या आडव्या दांड्याला, बांधा, घंटा झुलू द्या. टोला घंटेपेक्षा मऊ लोखंडाचा हवा. तो ओठाच्या सगळ्यात जाड जागी पडतोय का बघा. तिथे खड्डा पडला असेल तर घंटा जूवर पाव फेरा फिरवून नवी जागा पुढे आणा.

आवाज फुटका वाटला तर रॉकेल लावा, कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, वर खडूची भुकटी मारा. तडा असेल तिथे तेलाची काळी रेघ उमटते. काशाला साधी वेल्डिंग लावू नका. एका ठिकाणी तापून ती पुढे फुटते.

चिरेबंदी

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. रंगरेषाताई, वेदीच्या कमानीवर रंगवलेल्या वचनांबद्दल सांगाल का? बऱ्याच ठिकाणी सफेदीखाली अक्षरं जाणवतात.

रंगरेषा

सफेदी उतरवायच्या आधी रात्री जा, दिवे बंद करा आणि भिंतीला जवळजवळ चिकटून टॉर्च धरा. अक्षरांच्या कडा वर आलेल्या दिसतात. ओळी सरळ राहाव्यात म्हणून रंगाऱ्यानं मारलेल्या दोरीच्या रेघाही कधी कधी सापडतात. दोन इंच बाय दोन इंच जागा निवडा, शक्यतो अक्षराच्या टोकाशी. शस्त्रक्रियेचं पातं आडवं धरून थर सोडवा. चुन्याचे थर पापुद्र्यानं निघतात. प्रत्येक थराचा रंग आणि क्रम वहीत लिहा. सँडपेपर किंवा पाणी लावू नका, जुने रंग सरसात कालवलेले असतील तर पाण्यानं पुसले जातात. ऑइलपेंटचा थर निघत नसेल तर तिथेच थांबा आणि तो काम जाणणाऱ्या माणसासाठी ठेवा.

अक्षरं दिसली की वाचण्याआधी शुद्धलेखन बघा. 'देव प्रीति आहे' मधली 'ति' ऱ्हस्व असेल, 'येथें', 'केलें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतील, तर ते लेखन बहुधा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या वळणाचं. 'प्रीती' दीर्घ असेल तर नंतर कुणीतरी पुन्हा रंगवलंय, आणि खाली जुना थर असण्याची शक्यता आहे. म्हणजे दोन ओळींवरूनही किती वेळा हात फिरला ते कळतं.

पुन्हा रंगवायचंच ठरलं तर आधी पारदर्शक फिल्म भिंतीवर धरून अक्षरं १:१ उतरवून घ्या. कमानीच्या टोकापासून आणि दोन्ही पायथ्यांपासून प्रत्येक ओळीचं अंतर मोजून फिल्मवरच लिहा. रंगाऱ्याला ती फिल्म द्या, हस्तलिखित कागद देऊ नका. कागद दिला की तो सवयीनं अनुस्वार गाळतो आणि 'ति' ची 'ती' करतो.